एका पानाचा रस्ता

तुरुंगाच्या वाचनालयात लोक पुस्तकं वाचायला येतात असा ज्यांचा समज आहे, त्यांना मी एखाद्या गुरुवारी बोलावून घेणार आहे. गुरुवार म्हणजे आमचा चिठ्ठ्यांचा दिवस. आठवडाभर बराकींतल्या पेट्यांमध्ये चिठ्ठ्या पडतात, बुधवारी त्या माझ्या टेबलावर ओतल्या जातात आणि गुरुवारी मी उत्तरं देत बसते. एका चिठ्ठीत एकच प्रश्न, हा नियम माझा. पहिल्या वर्षी एकेक जण जन्माची कहाणी लिहून धाडायचा आणि प्रश्न शोधता शोधता माझ्या नाकी नऊ यायचे.

अपील फेटाळलं तर पुढे किती दिवस हातात असतात? बायकोनं दुसरं लग्न केलं तर मुलं कोणाकडे जातात? डावी दाढ काढली की डाव्या डोळ्याचं दिसणं कमी होतं का? मुलगी आठवीत गेली, आठवीला गणितात काय काय असतं? हा शेवटचा प्रश्न विचारणाऱ्याला मी आठवीचं पुस्तकच दिलं. तो दोन महिने बसून समीकरणं शिकला आणि मग पत्रातून मुलीला उदाहरणं घालायला लागला. मुलीनं कळवलं, बाबा, पुरे करा.

बावीस वर्षं मी हे करते आहे. खोली पूर्वी कपडे वाळवायची होती, त्यामुळे पुस्तकांना अजून साबणाचा वास येतो. पातळ कागदाची पुस्तकं इथे टिकत नाहीत, विड्या वळायला जातात. शब्दकोशातली 'म'पासून पुढची पानं अशीच धूर होऊन गेली. पूर्वी मी संतापायचे, तोंडाचा पट्टा सोडायचे. आता फक्त जाड कागदाची पुस्तकं मागवते.

शिंपी माझ्याकडे आला तोही एका गुरुवारीच. शिवणखात्यात सतरा वर्षं मशीन चालवून त्याच्या उजव्या खांद्याला बाक आला होता. माणूस अबोल, वागायला सरळ. पुस्तक परत करताना मुडपलेली पानं नीट करून आणणारे मी बावीस वर्षांत चार पाहिले, त्यांतला हा एक. त्यानं चिठ्ठी पेटीत टाकली नव्हती, हातात घेऊन आला होता. 'मला मंगळवारी सोडणार आहेत. तिथे कसं जायचं?'

"तिथे म्हणजे कुठे?" मी विचारलं.

त्यानं सुटकेचा कागद पुढे केला. शिक्षेचे अकरा महिने शिल्लक होते आणि ते बाहेर, देखरेखीखाली काढायचे होते. अट अशी, की सुटकेच्या दिवशीच चार वाजायच्या आत बहिणीच्या गावातल्या देखरेख कार्यालयात हजर व्हायचं. तिथे बहीण हमीदार म्हणून सही करणार. चारच्या आत हजेरी लागली नाही तर सवलत रद्द आणि राहिलेले अकरा महिने परत आत.

"बहीण इथेच घ्यायला येऊ दे की."

"तिच्या नवऱ्याचं अंग लुळं पडलंय, बाई. शेजारीण फार तर दोन-तीन तास बघते. ताई तेवढ्यात तिथल्या तिथे ऑफिसात येईल. इकडे येऊन परत जायचं तर दिवस मोडतो."

"मग वाटेत कोणालाही विचारा. लोक सांगतात."

तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी त्याला उडत जायला सांगितलंय. सतरा वर्षांत त्यानं अनोळखी माणसाला आपण होऊन प्रश्न विचारला नव्हता. इथे तसं करणाऱ्याला मार बसतो, नाहीतर त्याच्यावर संशय घेतात.

आता यात अडचण काय, असं कोणालाही वाटेल. एक नकाशा द्यायचा, बसचं वेळापत्रक द्यायचं, झालं. पण आमच्याकडे वाचनालयात काय ठेवायचं नाही याची यादी आहे आणि तिच्यात पहिल्या ओळीत नकाशे, दुसऱ्या ओळीत वेळापत्रकं. कैदी पळून जाईल म्हणून. ती यादी घेऊन मी मोठ्या साहेबांकडे गेले. मोठे साहेब म्हणजे आमचे तुरुंगाधिकारी. वयानं माझ्याहून लहान, पोटाच्या दुखण्यानं कायम वाकलेले, टेबलावर औषधाची बाटली आणि लाल पेन शेजारी शेजारी.

"मंगळवारी तुम्हीच सही करून सोडणार आहात," मी म्हणाले. "मग सोमवारी तो पळून कशाला जाईल?"

"तो नाही जाणार. त्याच्याकडचा नकाशा बघून दुसरा जाईल."

"मग सोबत एक शिपाई द्या."

"शिपाई कैद्याला देता येतो, बाई. गेटबाहेर पाय टाकला की तो कैदी नाही."

"म्हणजे आत असताना रस्ता सांगायचा नाही, कारण तो कैदी आहे. आणि बाहेर सोबत द्यायची नाही, कारण तो कैदी नाही."

साहेबांनी पोटावर हात ठेवला. "यादी मी केलेली नाही. तुम्ही हातानं लिहून द्या. एक पान, एकाच बाजूनं. नकाशा काढायचा नाही. मी वाचीन, मग द्या."

त्यांच्या मानानं हे पुष्कळच होतं. पण लिहायचं म्हणजे मला तरी रस्ता कुठे माहीत होता? मला माझ्या घरापासून तुरुंगापर्यंतचा रस्ता माहीत. तेव्हा रविवारी मी नवऱ्याला उठवलं आणि म्हटलं, चला, आपल्याला फिरायला जायचंय.

"कुठे?"

"देखरेख कार्यालयात."

"लोकांच्या बायका नवऱ्याला समुद्रावर नेतात," तो म्हणाला आणि गुडघ्याला पट्टा बांधायला लागला. बिचारा आला मात्र. निवृत्त झाल्यापासून त्याला नाही म्हणायचा कंटाळा येतो.

आम्ही तुरुंगाच्या गेटपासून सुरुवात केली. मी शिंप्याच्या पायांनी चालायचं ठरवलं होतं, म्हणजे मला सतरा वर्षांतलं काहीच माहीत नाही असं धरून. उजवीकडे वळायचं, पाण्याच्या टाकीपर्यंत चालायचं, टाकीच्या सावलीतला थांबा. चौदा नंबरची बस. ती पुढच्या दारानं घेते आणि मागच्या दारानं सोडते, हेही मी टिपलं. मोठ्या बसस्टँडवर नऊ नंबरचा फलाट, तो फलाट आठ नंबरच्या शेजारी नाही, रसवंतीच्या मागे लपलाय. नवऱ्याला तिथे बसवून मी दोनदा जाऊन आले. मग पाऊण तासाची बस, खिडकीतून आधी वीटभट्टी दिसते, मग पूल. पुलानंतरचा पहिलाच थांबा, समोर छापखाना. औषधाच्या दुकानाशेजारची बोळ. बोळीच्या टोकाला दुमजली इमारत, जिन्याचा कठडा हलतो, त्यावर भार टाकायचा नाही. वर गेलं की डाव्या हाताला तपकिरी दार.

रविवार असला तरी आत एक बाबू कसलीशी तुंबलेली कामं उरकत बसला होता. मी आत जाऊन त्याला विचारलंसुद्धा, मंगळवारी चालू असतं ना. तो म्हणाला, चारपर्यंत. चारला कॉम्प्युटरवरची हजेरी आपोआप बंद होते, मग मी काय आणि कोणी काय.

"झालं समाधान?" खाली उतरताना नवरा म्हणाला.

मला खरंच समाधान वाटत होतं. कित्येक वर्षांत नव्हतं वाटलं इतकं. रात्रीच्या जेवणाआधी मी एकतीस ओळी लिहिल्या, खाली कार्बन ठेवून.

सोमवारी सकाळी साहेबांनी लाल पेन उघडलं. बसचे नंबर खोडले. वेळा खोडल्या. फलाटाचा नऊ खोडला.

"आकडे आले की ते वेळापत्रक होतं," ते म्हणाले.

"आणि आकडे गेले की ती कविता होते. बस ओळखायची कशी त्यानं?"

"काहीतरी खूण लिहा."

मी काहीतरी खूण लिहिली. चौदा नंबरच्या जागी 'जिच्या कपाळावर हिरवी पट्टी आहे ती बस'. नऊ नंबरच्या जागी 'रसवंतीच्या मागचा फलाट'. वेळेच्या जागी काहीच नाही. रागानं अक्षर वाकडं आलं.

दुपारी शिंप्याला तासभर बोलावून घेतलं. गेटवर झडती घेताना कागद काढून घेतात की काय, या भीतीनं त्याला सगळं पाठ करायचं होतं. मी विचारायचे, तो सांगायचा. मधेच तो मला विचारायचा, आणि त्याचे प्रश्न ऐकून मला कळलं की मी त्याच्या पायांनी चालले म्हणते, ते काही खरं नव्हतं.

"बस थांबली की लगेच चढायचं, का कोणी हो म्हणायची वाट बघायची?"

"लगेच चढायचं."

"शेजारी बाई बसली असेल तर बसलेलं चालतं?"

"जागा रिकामी असेल तर चालतं."

"उतरायचंय हे ड्रायव्हरला कसं कळतं?"

"घंटीचं बटण असतं. पूल आला की दाबा. लाल असतं."

"आपण दाबायचं?"

"आपणच."

त्यानं ते मनात दोनदा म्हटलेलं मला ओठांवरून दिसलं. असे पंचवीस-तीस प्रश्न झाले. मी पानाच्या कडेला बारीक अक्षरात भर घालत गेले. शेवटी तो डोळे मिटून गेटपासून सुरू झाला आणि एकदाही न अडखळता जिना चढला, कठड्याला हात न लावता. "डाव्या हाताला तपकिरी दार," तो म्हणाला आणि डोळे उघडून पहिल्यांदाच हसला. पुढचे दात दोन कमी होते.

"दार आलं की पोचलात," मी म्हणाले.

मंगळवारी साडेदहाला तो गेला. मी कामात मन घालायचा प्रयत्न केला, पण घड्याळाकडे बघून बघून मान दुखली. चारला उठून पाणी प्यायले. बुधवारी, गुरुवारी काही आलं नाही. काही न येणं हीच चांगली बातमी, असं मी स्वतःला समजावलं आणि चिठ्ठ्यांना लागले.

शुक्रवारी नव्यानं आत आलेल्यांची यादी आली. ती माझ्याकडे येते, कारण वाचनालयाचं कार्ड मला करावं लागतं. सातव्या ओळीत शिंप्याचा जुनाच नंबर होता.

कार्बनची प्रत काढून मी त्या एकतीस ओळी वाचल्या, पुन्हा वाचल्या, आणि मला चूक सापडली नाही. मग राग आला. चूक त्या लाल पेनात होती. बस चुकली असणार, दुसरं काय. हिरव्या पट्टीच्या बसगाड्या दोन असणार. मी तडक साहेबांच्या खोलीत गेले आणि दार वाजवायचंही विसरले.

"खोडा अजून आकडे," मी म्हणाले. "माणसाचे अकरा महिने गेले तुमच्या पेनात."

आणखीही बरंच बोलले. बावीस वर्षांत साठलेलं सगळं बाहेर पडलं, शब्दकोशाच्या पानांपासून. साहेबांनी मला अडवलं नाही. संपल्यावर त्यांनी फायलीतला एक कागद माझ्यासमोर ठेवला. त्यात एवढंच होतं: 'चार वाजेपर्यंत हजर झाला नाही.' बुधवारी सकाळी बहिणीच्या घरून ताब्यात घेतला, विरोध केला नाही.

"बहिणीच्या घरून?" मी विचारलं. "म्हणजे गावात पोचला होता?"

"उशिरा पोचला असेल," साहेब म्हणाले. त्यांचा चेहराही पडला होता. "आकडे ठेवायला हवे होते कदाचित." त्यांनी असं म्हणावं ही मला तेव्हा माझी जीत वाटली, याची आज लाज वाटते.

परत आलेल्यांना दहा दिवस वेगळ्या बराकीत ठेवतात. अकराव्या दिवशी शिंपी वाचनालयात आला. बराच वाळला होता. मी त्याला बसायला सांगितलं आणि पहिलं वाक्य बोलले ते हे: "बस चुकली ना? मला माहीतच होतं. नंबर खोडले होते त्यांनी."

"नाही बाई. हिरवी पट्टी बरोबर होती. लगेच चढलो."

"मग स्टँडवर?"

"रसवंतीच्या मागे. बरोबर. पूल आला तेव्हा बटण मीच दाबलं." हे सांगताना त्याचा आवाज जरा उजळला. "छापखाना, औषधाचं दुकान, बोळ. कठड्याला हात नाही लावला. तुमचं पान एकदम बरोबर होतं."

"किती वाजता पोचलात?"

"वर भिंतीवर घड्याळ होतं. अडीचला दहा कमी होती."

मला काही समजेना. "अडीचला? मग आत का नाही गेलात?"

"दार बंद होतं."

"कुलूप होतं?"

"कुलूप नव्हतं. बंद होतं." तो मला अगदी समजुतीनं सांगत होता, जणू अडाणी मी होते. "मी बाजूला उभा राहिलो. लोक येत होते, आत जात होते. मला वाटलं त्यांना बोलावलंय. माझं नाव पुकारलं की कोणीतरी उघडेल. नाव काही पुकारलं नाही."

मी कपाळावर हात ठेवला. सतरा वर्षं. सतरा वर्षांत या माणसानं एकाही दाराला हात लावला नव्हता. इथे दार उघडतात ते शिपाई, बंद करतात तेही शिपाई, आणि जो कैदी आपण होऊन दाराला हात लावतो त्याची भेट बंद होते. हे मला रोज दिसतं. बसमध्ये कसं चढायचं हे त्याला माहीत नव्हतं, म्हणून त्यानं ते विचारलं. दाराबद्दल त्याला शंकाच नव्हती, मग तो विचारील काय? आणि मी त्या रविवारी नुसती दारापर्यंत गेले नव्हते, आत जाऊन बाबूशी बोलले होते. हलणारा कठडा टिपला, फलाटामागची रसवंती टिपली. पण ते दार माझ्याच हातानं ओढून उघडलं, ते मला दिसलं नाही. साहेबांनी त्यातलं काहीही खोडलं नव्हतं. मी लिहिलंच नव्हतं.

"दीड तास उभे होतात?"

"त्याचं काही नाही, उभं राहायची सवय आहे."

"आणि बहीण? ती आलीच नाही का?"

त्यानं आपले हात टेबलावर ठेवले. सुईनं टोचून टोचून त्याची बोटं निबर झाली आहेत.

"ताई आतच होती, बाई. दोन वाजल्यापासून. दारासमोरच्या बाकावर. दार उघडलं की प्रत्येक वेळी मान वर करून बघायची म्हणे. पण ते दार बाहेर उघडतं. कोणी उघडलं की मी मागे सरायचो आणि दाराच्या मागे जायचो."

बाहेर शिवणखात्याची मशीनं चालू होती. मला म्हणायचं होतं की चूक माझी आहे, अकरा महिने माझ्यामुळे गेले. ते मी म्हणालेही, पण मशीनांच्या आवाजात त्याला ऐकू गेलं की नाही कोण जाणे.

"चारला ती बाहेर आली," तो म्हणाला. "मला बघितलं. म्हणाली, आत का नाही आलास? मी म्हटलं, कोणी उघडलंच नाही. मला वाटलं आता ओरडेल. लहानपणी फार ओरडायची. ओरडली नाही. तिनं माझा हात धरला, त्या कडीवर ठेवला, वर आपला ठेवला आणि दार ओढलं. उघडलं. मग लावून घेतलं आणि म्हणाली, आता तू उघड."

"मग?"

"उघडलं की. हलकंच होतं," शिंपी म्हणाला. "आत बाबू पिशवी भरत होता. म्हणाला, आता बंद झालं."